डब्यातली अमेरिका

अमेरिकेत लोक खातात काय? काही वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी टाकला असता, तर मी डोळे मिटून सांगितलं असतं: बर्गर, पिझ्झा, डोनट. विषय संपला! त्यातला पिझ्झा इटलीचा आणि हॅम्बर्गर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराचं नाव लावून फिरणारा. म्हणजे स्वतःच्या घरचं असं काहीच नाही, सगळा उधारीचा मामला. हे मत मी कॉलेजच्या कट्ट्यावर इतक्या वेळा ठोकून दिलंय की विचारू नका.

मग 2025च्या ऑगस्टमध्ये ताईकडे गेले. ताई, भाऊजी आणि आठ वर्षांचा भाचा नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅलेच्या शेजारी राहतात. तिथे रिसर्च ट्रँगल पार्क नावाचा एक भलामोठा टापू आहे, 1959पासूनचा. आपल्या हिंजवडीचा सातसमुद्रापारचा थोरला भाऊ म्हणा. फक्त मधे झाडं आहेत आणि ट्रॅफिक हलतो. देशभरातून माणसं तिथे नोकरीला येतात. ताईच्या टीममध्ये तर तिथलं मूळ गावकरी कुणी नाहीच म्हटलं तरी चालेल.

तर झालं असं, की लेबर डेच्या सुट्टीला ऑफिसची पिकनिक होती. सप्टेंबरचा पहिला सोमवार. पॉटलक. म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून हाणायचं. आपण शाळेत अंगतपंगत करायचो तेच, फक्त पेपर प्लेट जास्त. यंदा मात्र कुणाच्या तरी डोक्यातून एक हटके फंडा निघाला होता: आपापल्या राज्याचा पदार्थ आणा. यादीत तीन रकाने. नाव, पदार्थ, राज्य.

ताईने नाव भरलं आणि लॅपटॉप मिटून टाकला.

दरवर्षी ती फ्रोजन समोसे नेते. पाकीट फोडा, ओव्हनमध्ये टाका, चिंचेची चटणी बाटलीतली. "त्यांना झेपतं आणि मला वेळ नसतो," हे तिचं ठरलेलं उत्तर. पण समोसा कुठल्या राज्याचा म्हणून लिहायचा? आणि मुळात आपलं राज्य कुठलं? बाई तेरा वर्षं अमेरिकेत आहे, त्यातली नऊ याच घरात. भाचा इथेच जन्मला, त्याला विचारलं तर बेधडक "नॉर्थ कॅरोलायना" म्हणतो. ताईचं ग्रीन कार्ड मात्र रांगेत आहे आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग म्हणजे मारुतीची शेपटी. "राज्याच्या रकान्यात मी काय लिहू, सातारा?" ताई म्हणाली. हसत म्हणाली, पण रकाना रिकामाच राहिला.

मी म्हटलं, सोड ना, बघू. आधी बाकीचे काय आणतात ते तर बघू!

आणि बॉस, बाकीच्यांनी काय काय आणलं होतं!

तळ्याकाठी एक मोठी शेड, लाकडी बाकं, टेबलांवर कागदी टेबलक्लॉथ. त्यावर फॉईलच्या झाकणांची रांग. प्रत्येक भांड्यापुढे एक छोटं कार्ड. मी एका टोकापासून सुरुवात केली.

पहिलाच ट्रे मिनेसोटाचा. कार्डावर लिहिलं होतं 'हॉटडिश'. खाली खिमा आणि भाज्या, त्यात मश्रूम सूपचा डबा ओतलेला आणि वर बटाट्याच्या छोट्या कुरकुरीत गोळ्यांची ओळीने फरसबंदी. या गोळ्या म्हणजे टेटर टॉट्स. 1953मध्ये एका फ्रोजन बटाटा कंपनीने फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं या विवंचनेतून त्या काढल्या. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, तेच लॉजिक! मश्रूम सूपचा डबा कॅम्पबेलचा, 1934पासून बाजारात आहे. मिनेसोटाची थंडी हाडं गोठवणारी, चर्चच्या तळघरात पन्नास माणसांचं जेवण एका ट्रेमध्ये गरम राहिलं पाहिजे, त्यातून हा पदार्थ रुजला. चवीला सांगायचं तर... मऊ. फार मऊ. मिठाशिवाय कुणाशी ओळख नाही. पण दुसऱ्यांदा घेतला, हे कबूल करते.

शेजारी युटाची 'फ्युनरल पोटॅटोज'. म्हणजे शब्दशः अंत्यविधीचे बटाटे! मी दचकलेच. किसलेला बटाटा, चीज, आंबट क्रीम, परत तेच डब्यातलं सूप, आणि वर लोण्यात परतलेले कॉर्नफ्लेक्स. युटामध्ये मॉर्मन लोकांची वस्ती मोठी. कुणाच्या घरी माणूस गेलं की दफनविधीनंतरच्या जेवणासाठी शेजारच्या बायका हा ट्रे घेऊन येतात. नाव तिथून पडलं. 2002 साली सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा या बटाट्यांच्या ट्रेचा बिल्लासुद्धा निघाला होता. आपल्याकडेही दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो. फक्त आपण तो पिकनिकला नेत नाही.

न्यू मेक्सिकोच्या मुलाने स्लो कुकरमध्ये हिरव्या मिरचीचा रस्सा आणला होता, डुकराच्या मांसाचा. त्याने मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "लाल की हिरवी?" मला वाटलं मस्करी करतोय. पण हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठरवलेला! हॉटेलात वेटर विचारतो, कुठल्या मिरचीचा रस्सा घालू? दोन्ही हव्या असतील तर म्हणायचं, 'ख्रिसमस'. ऑगस्ट-सप्टेंबरात तिकडे जाळीच्या पिंपात मिरच्या भाजतात आणि गावभर खमंग वास सुटतो. चव घेतल्यावर पहिल्यांदाच मला अमेरिकेत घाम फुटला. जीव थंडावला.

आता नॉर्थ कॅरोलायनाचं. एक गोष्ट आधी क्लीअर करते. आपल्याकडे बार्बेक्यू म्हणजे टेबलातल्या शेगडीवर सळईला टोचलेलं पनीर. इथे त्या शब्दाचा अर्थ एकच: लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास मंद शिजवलेलं डुक्कर. राज्याच्या पूर्व भागात अख्खं जनावर शिजवतात आणि वर व्हिनेगर-मिरचीचं पातळ पाणी. पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे फक्त खांदा, आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप. बस्स, एवढाच फरक! पण यावरून घरात अबोला होऊ शकतो. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, यावर जेवढं रक्त आटतं तेवढंच. शेजारच्या साउथ कॅरोलायनात मोहरीचं पिवळं सॉस, अलाबामात चक्क मेयोनीजचं पांढरं. आणि या सगळ्यांबरोबर मक्याचा ब्रेड. त्यात साखर घालायची की नाही यावर उत्तर-दक्षिण आणखी एक वाद. दक्षिणेचे जुने लोक म्हणतात, साखर घातलीत तर तो केक झाला.

बाकीचं भराभर सांगते. टेक्ससच्या माणसाने आणलेलं 'टेक्सस कॅव्हियार' ऐकून मी माशांची महागडी अंडी समजले, निघाली चवळीची कोशिंबीर! 1940च्या सुमारास ती ज्या हेलन कॉर्बिटबाईंनी गाजवली, त्या मूळच्या न्यूयॉर्क राज्यातल्या. टेक्ससचा अभिमान न्यूयॉर्कच्या बाईने बनवला, ही गंमत तिथे मी बोलून दाखवली नाही. मेनचे 'व्हूपी पाय' म्हणजे दोन मऊ चॉकलेट केकच्या मधे पांढरं क्रीम. 2011मध्ये मेनने त्याला राज्याचा अधिकृत खाऊ केलं, पण पेनसिल्व्हेनियावाले म्हणतात, चोरलंत आमच्याकडून. फ्लोरिडाचा 'की लाइम पाय' खाऊन मला थेट आजीची आठवण आली, कारण त्यात कंडेन्स्ड मिल्क! फ्लोरिडाच्या टोकाच्या बेटांवर 1912पर्यंत रेल्वे नव्हती, ताजं दूध पोचायचं नाही, म्हणून डब्यातलं. हवाईच्या मुलीने स्पॅम मुसुबी आणले होते. भाताची वडी, त्यावर डबाबंद मांसाचा परतलेला काप, भोवती समुद्री शेवाळाची पट्टी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी आलेला डबा बेटांवर कायमचा राहिला आणि तिथल्या जपानी वंशाच्या लोकांनी त्याला आपल्या भातावर बसवलं.

एव्हाना माझं कट्ट्यावरचं मत चिंध्या-चिंध्या झालं होतं. उधारीचा मामला म्हणे! जो आला त्याने आपली भूक आणि आठवण आणली आणि जे हाताशी होतं त्यात शिजवलं. कुठे डबा, कुठे मका, कुठे शेवटची उरलेली बटाट्याची फोड.

टेबलाच्या शेवटी मात्र भांडं नव्हतं, बुटांचा खोका होता.

खरंच बुटांचा. आत मेणकागद लावलेला, त्यावर फ्राइड चिकन, उकडलेली अंडी आणि पाउंड केकचे काप. (एक पाउंड लोणी, एक साखर, एक अंडी, एक मैदा, म्हणून पाउंड केक. हिशोब सोपा, कॅलरीचा विचारू नका.) आणणाऱ्या बाई साठीच्या, ताईच्या टीममधल्या सगळ्यात सीनिअर. मला वाटलं डबा विसरल्या असतील. त्यांनी शेजारी बसवून सांगितलं.

त्यांची आई लहानपणी घरच्यांबरोबर मिसिसिपीहून शिकागोला गेली. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं अशीच दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. दोन-दोन दिवसांचा प्रवास. पण दक्षिणेतून जाताना गाडीच्या डायनिंग कारमध्ये त्यांना बाकीच्यांबरोबर बसू देत नसत, स्टेशनवरची आणि रस्त्यावरची हॉटेलं वाढत नसत. मग घरातूनच खोका भरून घ्यायचा. चिकन का? तर तळलेलं चिकन बर्फाशिवाय टिकतं आणि गार खाल्लं तरी चांगलं लागतं. अंडी का? सालातच पॅक येतात. केक का? त्यात क्रीम नाही, वितळत नाही. वर्णावरून हॉटेलात प्रवेश नाकारायला 1964च्या नागरी हक्क कायद्याने बंदी आली. "माझी आई त्यानंतरही प्रवासाला खोकाच घ्यायची," त्या म्हणाल्या, "सवय म्हणून नाही, खात्री नाही म्हणून."

माझ्या हातातली प्लेट तशीच राहिली. मी चवदार तळ्याच्या गावावरून कित्येकदा कोकणात गेलेय, दर वेळी गाडीत सँडविच खात. ताई त्यांच्याबरोबर चार वर्षं काम करत होती, तिलाही हे माहीत नव्हतं. कार्डावर त्यांनी राज्याच्या जागी दोन नावं लिहिली होती, मिसिसिपी आणि इलिनॉय, मधे एक बाण.

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय नेलं होतं?

तर पिकनिकच्या आदल्या शनिवारी आम्ही रॅलेच्या स्टेट फार्मर्स मार्केटला गेलो होतो, दीड दिवसाच्या गणपतीनंतर घरातली भाजी संपली होती म्हणून. तिथे एका गाळ्यावर ताई थबकली. ओल्या शेंगा! मातीचा वास असलेल्या, फिकट सालाच्या, ढीगभर. पाटीवर लिहिलं होतं, उकडण्यासाठी. ताई मला म्हणाली, "अगं, भाद्रपद आहे ना!" भाद्रपदात आमच्याकडे साताऱ्याला शेतातून शेंगा यायच्या आणि आजी मोठ्या पातेल्यात मीठ घालून उकडायची. सगळी भावंडं पातेल्याभोवती. ताईने तेरा वर्षांत एकदाही उकडल्या नव्हत्या. दुकानात दिसायच्या त्या भाजलेल्या, डब्यातल्या, खारवलेल्या.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत उकडलेल्या शेंगा हा रस्त्यावरचा खाऊ आहे. पेट्रोल पंपाशेजारी पातेलं, हाताने रंगवलेली पाटी, कागदाच्या पिशवीत गरम-ओल्या शेंगा. 2006मध्ये साउथ कॅरोलायनाने त्यांना राज्याचा अधिकृत स्नॅक केलं. शेंग मूळची दक्षिण अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आफ्रिकेत पोचली, आणि गुलामांच्या जहाजांबरोबर समुद्र ओलांडून उत्तर अमेरिकेत आली. दक्षिणेत शेंगेला 'गूबर' म्हणतात, तो शब्द मध्य आफ्रिकेतल्या 'न्गुबा'वरून आलेला. आपल्याकडेही ती बाहेरून, समुद्रमार्गेच आली. म्हणजे आजीच्या पातेल्यातली शेंग आणि पेट्रोल पंपावरची शेंग चुलत बहिणीच की!

ताईने दोन किलो उकडल्या. पिकनिकच्या टेबलावर पातेलं ठेवलं आणि कार्डावर पदार्थाचं नाव लिहिलं. राज्य नाही.

पाच मिनिटांत साउथ कॅरोलायनाचा एक धिप्पाड गृहस्थ हजर. हातात त्याचंही पातेलं, उकडलेल्या शेंगांचंच! मला वाटलं, आता वाजणार. त्याने आमच्यातली एक शेंग फोडली, चावली, विचार केला. "किती तास?" त्याने विचारलं. ताई म्हणाली, "प्रेशर कुकर. चार शिट्ट्या." तो माणूस जो हादरला! त्याची आजी म्हणे सकाळी पातेलं चढवायची ते दुपारीच उतरवायची. त्याच्या शेंगा अगदी लोण्यासारख्या, आतलं खारट पाणी हनुवटीवर ओघळणारं. आमचा दाणा दाताखाली येणारा. मग दोन्ही पातेली शेजारी ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याने दोन्हीकडची खायची आणि मत द्यायचं. मतदान त्याने जिंकलं. (मीही त्यालाच मत दिलं. ताई, सॉरी.) खोकेवाल्या बाई मात्र आमच्या पातेल्याशी बसून राहिल्या आणि ताईला विचारत होत्या, सातारा म्हणजे नेमकं कुठे, समुद्रापासून किती लांब. ताई पेपर नॅपकिनवर नकाशा काढत होती. मी पहिल्यांदाच तिला ऑफिसच्या माणसांशी ऑफिस सोडून काही बोलताना ऐकलं.

तर मंडळी, पुढचा ऑफिसचा पॉटलक लोणावळ्याला असो की मुळशीला, प्लीज, परत पाच जणांनी मिळून चिप्स आणि कोल्ड्रिंक आणू नका. यातलं काही आपल्याकडे सहज जमतं.

चवळीचं तर आयतंच आहे. दोन वाट्या शिजलेली पण न फुटलेली चवळी, बारीक कांदा, सिमला मिरची, टोमॅटो, एखादी हिरवी मिरची. तीन चमचे व्हिनेगर, तीन चमचे तेल, मीठ, चिमूट साखर. रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, म्हणजे शुक्रवारी रात्री करा आणि शनिवारी झोपा काढा.

डेव्हिल्ड एग्ज म्हणजे भरलेली अंडी. अमेरिकेत कुठल्याही राज्यात चालतात, आणि दक्षिणेत तर त्यासाठी खळगे असलेली खास ताटली लग्नात भेट देतात. उकडलेलं अंडं उभं कापा, बलक काढून मेयोनीज, थोडी तयार मोहरी, मीठ-मिरपूड घालून कुस्करा. घरून भरून नेलीत तर गाडीत त्याचा लगदा होतो, हा स्वानुभव. सारण प्लास्टिकच्या पिशवीत न्या, तिथे गेल्यावर कोपरा कापून पिळा. वर चिमूटभर लाल तिखट.

पिमेंटो चीज दक्षिणेचं. किसलेलं चेडर, मेयोनीज, भाजून सोललेली लाल सिमला मिरची, मिरपूड. ब्रेडला फासा. ऑगस्टाच्या प्रसिद्ध मास्टर्स गोल्फ स्पर्धेत हेच सँडविच वर्षानुवर्षं दीड डॉलरला विकलं गेलंय. आपलं प्रोसेस्ड चीजही चालेल, फक्त मीठ हात राखून.

आणि एक नियम अमेरिकन लोकांकडून नक्की उचला. मेयोनीज, अंडी, मांस, शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही, पारा 32 अंशांवर असेल तर एकच तास. त्यांच्या सरकारी खात्याचा नियम आहे. तिथे सगळे बर्फाची पेटी घेऊन येतात, आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात रशियन सॅलड दिवसभर टेबलावर डुलत असतं आणि सोमवारी अर्धी टीम सिक लीव्हवर.

हाच नियम उकडलेल्या शेंगांनाही. मीठ सढळ हाताने, कुकरच्या चार शिट्ट्या, आणि गॅस बंद केल्यावर तासभर त्याच पाण्यात मुरू द्यायच्या. लगेच काढल्यात तर मीठ आत जातच नाही, साल चाटत बसावं लागतं.

संध्याकाळी निघताना आमच्या पातेल्याच्या तळाशी नुसतं खारट पाणी उरलं होतं आणि बाकाखाली सालांचा खच. भाचा आणि त्या धिप्पाड माणसाची मुलगी पिशवीत सालं भरत होते. कार्डावर राज्याचा रकाना शेवटपर्यंत रिकामाच होता. कुणी विचारलं नाही. ताईने ते कार्ड उचलून पर्समध्ये टाकलं आणि पातेलं माझ्या हातात दिलं, घासायला.